ब्रिटिश निकालाने ट्रान्स स्त्रियांचे संरक्षण संपले का?

16 एप्रिल 2025 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून फिरणारा दावा असा: ट्रान्स स्त्री (जन्मतः पुरुष म्हणून नोंदली गेलेली, पण स्त्री म्हणून ओळख असलेली व्यक्ती) ही स्त्री नाही हे न्यायालयाने कायमचे ठरवले, तिचे कायदेशीर संरक्षण संपले, स्त्रियांच्या प्रत्येक जागेतून तिला वगळणे सक्तीचे झाले आणि भारतानेही हाच नियम स्वीकारावा. स्त्रियांच्या खासगीपणाची व सुरक्षिततेची काळजी मला रास्त वाटते; म्हणूनच निकालात नसलेले त्याच्या तोंडी घातलेले मला खटकते.

पहिला मुद्दा ‘कायमचे ठरवले’ हा. स्कॉटलंडच्या 2018 च्या कायद्याने सार्वजनिक मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात असे उद्दिष्ट ठेवले, आणि 2004 च्या कायद्याखाली बदललेल्या लिंगओळखीला कायदेशीर मान्यता देणारे प्रमाणपत्र मिळालेली ट्रान्स स्त्री त्या गणतीत धरावी का, यावरून वाद न्यायालयात गेला. त्याचे उत्तर भेदभावाला मनाई करणाऱ्या 2010 च्या समता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून होते; तेथे ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री, असे पाचही न्यायाधीशांनी एकमताने म्हटले. मात्र त्या कायद्याबाहेर या शब्दाची व्याख्या करणे आपले काम नाही, हेही त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. त्यांच्या कारणांपैकी एक विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गरोदरपणाचे संरक्षण हा कायदा ‘स्त्री’ला देतो; प्रमाणपत्राने लिंग बदलते असे मानले असते, तर गरोदर राहिलेला प्रमाणपत्रधारक ट्रान्स पुरुष (जन्मतः स्त्री म्हणून नोंदली गेलेली, पण पुरुष म्हणून ओळख असलेली व्यक्ती) त्या संरक्षणाला मुकला असता.

संरक्षण संपले, हे तर सरळ चुकीचे आहे. लिंगबदल हा त्याच कायद्यातील नऊ संरक्षित आधारांपैकी (ज्यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे अशा बाबींपैकी) एक असून त्यासाठी प्रमाणपत्राची किंवा शस्त्रक्रियेची अट नाही. शिवाय, एखाद्या ट्रान्स स्त्रीला स्त्री समजून भेदभावाने वागवले गेले, तर तिला लिंगाधारित भेदभावाविरुद्धही दाद मागता येते.

‘सक्ती’च्या मुद्द्यात मात्र काही तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अत्याचारपीडित स्त्रियांचे निवारागृह केवळ जैविक स्त्रियांसाठी चालवायचे असेल, तर आता प्रमाणपत्रधारक ट्रान्स स्त्रीलाही तेथे प्रवेश नाकारता येतो. असे निवारे मागणाऱ्या स्त्रियांना मिळालेली ही स्पष्टता मोलाची आहे. परंतु अशी सेवा रास्त हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणातच असली पाहिजे, ही कायद्याची अट कायम आहे आणि प्रत्येक सेवा एकाच लिंगासाठी चालवा, असा आदेश निकालात कोठेही नाही. जैविक स्त्री असलेल्या ट्रान्स पुरुषालाही, त्याच्या पुरुषी रूपावर वाजवी आक्षेप येऊ शकत असल्यास, स्त्रियांच्या सेवेतून वगळता येईल, असेही न्यायालय म्हणते. म्हणजे केवळ जन्मलिंग पाहून दारावरचा निर्णय झाला, असे या निकालानंतरही म्हणता येत नाही.

भारताचे म्हणाल, तर हा निकाल एका ब्रिटिश अधिनियमाचा अर्थ लावतो, जो तेथील संसद बदलू शकते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरील) निकालात लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार संविधानाच्या मूलभूत हक्कांवर उभा केला. तो पाया लंडनच्या निकालाने हलत नाही. त्याच ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहांची सोय करण्याचे निर्देश केंद्र व राज्य सरकारांना दिलेले आहेत, आणि स्त्रियांच्या जागांची चिंता करणाऱ्यांनी आधी त्यांच्या अंमलबजावणीचा हिशेब आपापल्या नगरपालिकेकडे मागावा.