एक्सरे नॉर्मल आहे म्हणून परत पाठवलं, तर तक्रार करायची

गेले काही महिने मला बऱ्याच जणींचे मेसेज येतायत की ताई तुम्ही हॉस्पिटलची तक्रार केली ना, कुठे केली, कशी केली, त्रास नाही का झाला. प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सगळं लिहिते. पोस्ट मोठी होणारे, पण ज्यांच्या घरात कोणाचं दुखणं महिनोन्महिने चाललंय त्यांनी पूर्ण वाचा.

आधी माझं थोडक्यात. पावसाळ्यात नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ गाडी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, हाड जुळलं, प्लास्टर निघालं आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. हात सुजलेला, कधी लालभडक तर कधी निळसर, घाम यायचा तो फक्त त्याच हाताला, आणि आग अशी की ओढणीचं टोक जरी लागलं तरी डोळ्यातून पाणी यायचं. मी लग्नाआधीपासून ब्लाऊज शिवते, माझं घर त्याच्यावर अर्धं चालतं. त्या हाताने कात्री धरणं सोडा, कात्रीच्या कडीत अंगठा जात नव्हता. शिवायला आलेले कपडे मी गिऱ्हाइकांना तसेच परत केले.

जिथे प्लास्टर घातलं तिथेच परत गेले, साहजिक आहे. खाजगी हॉस्पिटल आहे, नाव लिहिणार नाही, प्रकरण अजून चालू आहे. डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला आणि म्हणाले हाड मस्त जुळलंय, आता दुखायचं काही कारणच नाही. नंतर गेले तेव्हा म्हणाले मनातून काढून टाका, घरात काही टेन्शन आहे का. आणि त्याच्यानंतर तर रिसेप्शनवरच सांगायला लागले की सरांनी तुमची केस क्लोज केलीये, आता अपॉइंटमेंट देता येणार नाही. या सगळ्यात माझा हात कोणी हातात घेऊन बघितला नाही, दोन्ही हात शेजारी ठेवून बघितले असते तरी फरक दिसला असता. आणि आम्हाला जमत नसेल तर अमक्याकडे जा, असं एका ओळीचं पत्रसुद्धा दिलं नाही.

मला जे ठामपणे सांगायचंय ते हे की असा नकार हा उपचार नाकारणंच आहे. आपल्याला वाटतं उपचार नाकारणं म्हणजे ॲक्सिडेंटचा पेशंट दारातून परत पाठवला, पैसे भरले नाहीत म्हणून ॲडमिट केलं नाही. ते तर आहेच, त्याच्यावर सुप्रीम कोर्टाचे १९८९ चे परमानंद कटारा आणि १९९६ चे पश्चिम बंग खेत मजदूर समिती असे निकाल आहेत, इमर्जन्सीत जीव वाचवणं आधी. पण जुनाट दुखणं इमर्जन्सीत बसत नाही. आम्ही लोक मरत नाही ना, चालत येतो, रिक्षाचे पैसे स्वतः देतो, नंबर लावून बसतो, मग आमच्या नकाराला कोणी नकार म्हणतच नाही. "काही नाहीये" एवढं बोललं की विषय संपला. कागदावर काही येत नाही आणि कागदावर नाही म्हणजे घडलंच नाही.

नियम काय आहे तो मी वाचून काढला. डॉक्टरांच्या वागणुकीचे २००२ चे नियम आहेत, २०२३ मध्ये नवीन आणले होते पण ते त्याच महिन्यात स्थगित केले, त्यामुळे जुनेच चालतात. त्यात असं आहे की डॉक्टरने प्रत्येकच पेशंट घेतला पाहिजे अशी सक्ती नाही, पण मनमानी करून नाकारायचं नाही, आणि आजार आपल्या अनुभवाच्या बाहेरचा असेल तर नकार देऊन दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचं. आणि एकदा केस हातात घेतली की पेशंटकडे दुर्लक्ष करायचं नाही, पेशंटला आणि घरच्यांना पुरेशी आधी कल्पना दिल्याशिवाय केस सोडायची नाही. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी भांडखोर नाहीये, मला जे हवं होतं ते लिहून ठेवलेलंच आहे.

माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं वेगळंच होतं. तो म्हणे ताई दहा पोरं घेऊन जातो, दहा मिनिटांत अपॉइंटमेंट मिळेल. त्याला मी सरळ नाही म्हणलं. हॉस्पिटलात तोडफोड, मारहाण केली तर महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हणलं असतं. त्या काउंटरवरच्या मुलीने माझं काय वाकडं केलंय, ती सांगितलेलं बोलते. आणि एकदा आपण आवाज चढवला की पुढे सगळे फक्त त्या आवाजाबद्दल बोलतात, हाताबद्दल कोणी बोलत नाही.

म्हणून कागद. पहिला अर्ज तक्रारीचा नाही, माझे सगळे केस पेपर द्या एवढाच. डाव्या हाताने लिहिला, अक्षर वेडंवाकडं आलं, तसाच दिला. त्याच २००२ च्या नियमात आहे की पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक त्यांना द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. घेतच नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा.

कागद मिळाले आणि ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. ज्या दिवशी मी त्या केबिनमध्ये रडले होते, हात उशीवर ठेवून बसले होते, त्या तारखेपुढे लिहिलंय "नो फ्रेश कंप्लेंट्स". म्हणजे माझी काही तक्रार नव्हती. दुखणं ऐकलंच नाही ते सोडा, मी बोललेच नाही असं लिहून ठेवलं. माझी सगळी तक्रार त्या एका ओळीवर उभी आहे.

जगभरातल्या पेनच्या तज्ज्ञांची आयएएसपी म्हणून संघटना आहे, त्यांनी २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने केली आणि त्याच्या खाली टीप दिली की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवला पाहिजे. तीन महिन्यांच्या वर दुखत राहिलं तर ते जुनाट दुखणं धरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नवीन यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, त्याला स्वतंत्र जागा दिलीये. म्हणजे हे माझ्या मनाचं नाही.

मला जे झालं होतं त्याला सीआरपीएस म्हणतात, कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर होतो, बायकांमध्ये जास्त बघायला मिळतो. हाड जुळलेलं असतं, एक्सरेत बघून काही कळेलच असं नाही, निदान पेशंटला तपासूनच करायचं असतं, सूज, रंग, घाम, हाताचं तापमान, स्पर्श सहन न होणं, त्याचे ठरलेले निकष आहेत. आणि हे काही कालपरवाचं नाही, अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळ्या लागलेल्या सैनिकांच्या जखमा भरल्यावरही अशी आग होत राहते हे मिचेल नावाच्या डॉक्टरने १८६४ मध्ये लिहून ठेवलंय. मला हे ज्यांनी सांगितलं ते नाशिकमधलेच पेनचे डॉक्टर, मूळचे भूलतज्ज्ञ. हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं की पेन क्लिनिक चालवणारे बहुतेक डॉक्टर भूलतज्ज्ञ असतात. त्यांनी हात न दाबता आधी नुसता बघितला, मग दोन्ही तळवे त्यांच्या तळव्यावर ठेवायला सांगितले आणि म्हणाले हा गार आहे. बस. एवढंच करायला पाहिजे होतं कोणीतरी. आणि हा आजार लवकर हातात घेतला तर सुधारायची शक्यता जास्त असते, म्हणून वाया गेलेल्या वेळेचा मला इतका राग आहे.

आता तक्रारीत काय लिहायचं. "माझं दुखणं बरं झालं नाही" ही तक्रार नाही. बरं करायची गॅरंटी कोणताच डॉक्टर देत नाही आणि द्यायलाही नको. तक्रार ही की मी अमुक तारखेला हे हे सांगितलं, हात तपासला नाही, नोंद केली नाही, दुसरीकडे पाठवलं नाही, अपॉइंटमेंट बंद केली. नुसत्या घटना. उद्धट, माजलेले, लुटारू असले शब्द माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पानभर होते, नणंदेने सगळे खोडायला लावले, ती कोर्टात क्लार्क आहे आणि रोज असे अर्ज बघते.

अजून एक, हवी ती गोळी दिली नाही म्हणजे उपचार नाकारले असं होत नाही. ट्रॅमाडोल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, डॉक्टर जपून लिहितात ते बरोबरच आहे. पण भीतीपोटी दुसरं टोकही गाठलं जातं. आमच्या गल्लीतल्या काकांना कॅन्सरच्या शेवटी मॉर्फिन मिळेना, जो तो म्हणे कायद्याचं लफडं आहे. तो कायदा २०१४ मध्ये याच्यासाठीच बदललाय, मान्यताप्राप्त संस्थेला पूर्वीसारखी चारपाच लायसन्स लागत नाहीत. केरळात शेवटच्या आजारातल्या पेशंटचं दुखणं कमी करणाऱ्या डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांनी यासाठी वर्षानुवर्षं झगडून हे करून घेतलं. गोळी नको तर का नको आणि तिच्याऐवजी काय, हे पेशंटला सांगा, एवढंच म्हणणं आहे.

कुठे करायची? आधी हॉस्पिटललाच लेखी. मग नाशिक शहरातलं खाजगी हॉस्पिटल असेल तर महापालिकेचा वैद्यकीय विभाग, कारण नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन तिथे असतं, आणि २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद हॉस्पिटलमध्ये लावणं सक्तीचं केलंय. सनद लावलेली नसेल तर तेही अर्जात लिहा. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार मुंबईला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, ते ताकीद देऊ शकतात, रजिस्ट्रेशन थांबवू शकतात, पण पैसे मिळवून देत नाहीत. नुकसान भरपाई पाहिजे तर ग्राहक आयोग, सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता निकालापासून पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, दोन वर्षांच्या आत जायचं, आणि उपचाराला दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. सरकारी दवाखाना जिथे सगळ्यांनाच फुकट आहे तिथे ग्राहक आयोग चालत नाही, तिथे सिव्हिल सर्जन, आपले सरकार पोर्टल, आणि माहिती अधिकार.

लोक म्हणतात डॉक्टरच्या नादी लागू नका, उद्या कोणी हात लावणार नाही. माझा अनुभव उलटा आहे. नवीन डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी तक्रार केलीये, ते म्हणाले तुमचा प्रश्न आहे, मी माझं निदान स्वच्छ लिहून देतो. आणि दिलं. माझा राग सगळ्या डॉक्टरांवर नाहीये, मला हात परत मिळतोय तो पण डॉक्टरांमुळेच.

मिळतोय म्हणजे पूर्ण नाही. फिजिओच्या मॅडमनी आरशाचा व्यायाम दिलाय, दुखरा हात आरशामागे ठेवायचा आणि आरशात बघत चांगला हात हलवायचा. आणि स्पर्शाची सवय करायला त्यांनी कापडं आणायला सांगितली, तर माझ्याकडे चिंध्यांचं पोतंच आहे. मलमलपासून सुरुवात केली, मग पॉपलीन, मग खण, आता पैठणीच्या काठापर्यंत आलेय, जर अजून टोचते. हुक लावते, काज अजून जमत नाही.

तक्रारीचं म्हणाल तर महापालिकेने हॉस्पिटलकडे खुलासा मागितल्याच्या पत्राची प्रत मला आलीये. कौन्सिलकडचं चालू आहे, नियमात सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असं आहे, मी तारखा वहीत लिहून ठेवतेय आणि विचारत राहणार आहे.

ज्यांना अर्ज लिहायला अडचण आहे त्यांनी मेसेज करा, माझ्या अर्जातली नावं काढून फोटो पाठवते. इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाट्याकडचे असाल तर सरळ घरी या, संध्याकाळी मी असतेच, फक्त येताना केस पेपर, जुन्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या असतील नसतील तेवढ्या सगळ्या घेऊन या.