बोट टेकवलं की मान सरळ

सर्व्हायकल डिस्टोनिया या मानेच्या आजारावरच्या एका लेखात म्हटलंय की त्यात मान आपोआप एका बाजूला वळते ती मेंदूकडून स्नायूंना चुकीचे संदेश गेल्यामुळे. आमच्या आईच्या बाबतीत हे कळायला दोन वर्षं गेली. तोवर स्पॉन्डिलायटिस समजून पट्टा, शेक, मालिश, सगळं झालं. हनुवटीला नुसतं बोट लावलं की मान सरळ व्हायची, आणि आम्हाला वाटायचं नाटक करते! ती सर्व्हायकल डिस्टोनियाचीच खूण, हे पुण्यात डेक्कनवरच्या न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं. आता साधारण दर १२ आठवड्यांनी बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन. गुण यायला आठवडाभर तरी लागतो. पहिल्या खेपेला त्यामुळे घास गिळताना अडकायचा. पूर्ण बरं होत नाही, पण लक्ष्मी रोड एकटी ओलांडते. एकेरी असला तरी दोन्हीकडे बघावंच लागतं ना!