टेकऑफच्या आधी ब्रेक मारा म्हणे! – पोल व्हॉल्टच्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले पंधरा दिवस आमच्या इंदूरच्या सगळ्या मल्लखांबवाल्या ग्रुप्समध्ये एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे तो चार वेळा आला, त्यातला एक तर रामबागेतल्या मावशीकडून, जिचा खेळाशी संबंध क्रिकेटचा स्कोर विचारण्यापुरता. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं, की पोल व्हॉल्ट (लांब पोल घेऊन धावत यायचं, तो टेकवून उंच आडव्या बारवरून जायचं) हा ताकदीचा खेळ आहे, धावायचा नाही. शेवटच्या चार-पाच पावलांत स्पीड कमी करा म्हणजे पोल बॉक्समध्ये (पोल टेकवायच्या जमिनीतल्या खळग्यात) नीट बसतो, बॉक्सच्या जवळ जाऊन टेकऑफ घ्या म्हणजे सेफ, मग पोल दाबून वाकवा, जितका वाकेल तितकं वर, आणि पुढे दोरीच्या मल्लखांबासारखं हातांनी ओढून बारवरून जा. वर पुरावा म्हणून रशियाची पोल व्हॉल्टर इसिनबायेवा, कारण ती आधी जिम्नॅस्ट होती. आणि शेवटी आपल्याकडच्या पोरांत स्पीड नसतोच, त्यामुळे हीच टेक्निक आपल्याला सूट होते वगैरे.

मी सोडून दिलं असतं, पण माझा पुतण्या (मल्लखांब चांगला करतो, वर्षभरापासून पोल व्हॉल्टच्या नादी लागलाय) हे वाचून ग्राउंडवर तसंच करायला लागला. म्हणून एकेक घेतो.

आधी ते स्पीड कमी करण्याचं, कारण सगळी गडबड तिथूनच आहे. पोल व्हॉल्टमध्ये वर जायला लागणारी एनर्जी येते कुठून? पोलमध्ये मोटर नाही, मॅटमध्ये स्प्रिंग नाही. तुम्ही धावत जे आणलंत तेच पोलमधून वर जातं, बाकी हातपाय थोडी भर घालतात. शाळेतला हिशोब करा, स्पीडचा वर्ग भागिले 19.6 (गुरुत्वाकर्षणाच्या 9.8 ची दुप्पट), की आली मीटरमध्ये उंची. सेकंदाला 8 मीटरने आलात तर कागदावर शरीर सव्वातीन मीटर वर उचललं जातं, 9 ने आलात तर 4.13. म्हणजे एका मीटरच्या फरकाने जवळजवळ 87 सेंटिमीटर. उलट बाजूने बघा, 8 ने येणाऱ्याने 'नीट बसावा' म्हणून साडेसातवर आणलं तर 39 सेंटिमीटर तिथेच गेले, अजून पाय जमिनीवरच आहे तेव्हा. (तुमच्या वजनाचा कमरेजवळचा मध्य आधीच मीटरभर उंचीवर असतो तो यात वेगळा, आणि खऱ्या उडीत काही वाया पण जातं, पण फरकाचा अंदाज यायला एवढं पुरे.) शास्त्री ब्रिजवर सायकल चढवलेल्या माणसाला विचारा, चढ सुरू व्हायच्या आधी तो पेडल जोरात मारतो का ब्रेक दाबतो.

टेकऑफला थोडा स्पीड जातोच, हे खरं आहे, पाय जमिनीवर मारून वर उडी घ्यायची तर काही जाणारच. पण तो जाणं आणि आपण पाच पावलं आधीपासून घालवणं यात फरक आहे ना.

आता 'नीट बसतो' याबद्दल. हे लिहिणाऱ्याने बॉक्स जवळून बघितलाय का अशी मला शंका आहे. बॉक्स तोंडाशी 60 सेंटिमीटर रुंद, लांबी एक मीटर, आत निमुळता होत मागच्या फळीच्या खालच्या टोकाशी 15 सेंटिमीटर, आणि तिथे 20 सेंटिमीटर खोल. म्हणजे नरसाळंच आहे ते, पोलचं टोक आत पडलं की घसरत आपोआप जागेवर जातं, निशाणा लावत बसायचं कामच नाही. पोरं निशाणा लावायला जातात म्हणून पोल फार लवकर खाली आणतात, आणि खरी बोंब तिथे होते. पोलचं वजन दोन-अडीच किलोच असेल, पण आडवा धरला की टोक इतकं लांब असतं की हाताला ते कितीतरी पट जड लागतं. मग ते सावरायला माणूस मागे झुकतो, मागे झुकला की पाय शरीराच्या पुढे पडायला लागतात, आणि पुढे पडलेला प्रत्येक पाय म्हणजे एक ब्रेक. त्याऐवजी सुरुवातीला पोल उभा ठेवला आणि धावता धावता हळूहळू पडू दिला तर तो पडणारा पोलच तुम्हाला पुढे खेचतो. एकेकाळचा जागतिक रेकॉर्डवाला सर्गेई बुबका आणि नंतर इसिनबायेवा या दोघांचे कोच विताली पेत्रोव्ह, त्यांच्या पद्धतीत हा पडणारा पोल फार महत्त्वाचा.

रविवारी सकाळी मी पुतण्याच्या रनअपच्या बाजूला उभा होतो, मुद्दाम डोळे मिटून. स्पाइक्सचा आवाज टप-टप-टप-टप असा येतो, येतो, आणि मग शेवटी टप... टप.... टाप. बघायची गरजच नाही, आवाजावरून कळतं कुठे ब्रेक लागला. चांगल्या उडीत हा आवाज शेवटाकडे दाट होत जातो. मी विचारलं असं का करतो, तर म्हणाला काका, टेकऑफच्या जागेपर्यंत पोचत नाही म्हणून लांब पाऊल टाकतो. म्हणजे त्याचा प्रॉब्लेम स्पीड जास्त असण्याचा नव्हताच, धाव सुरू करायचा मार्क चुकीचा होता! विटेच्या तुकड्याने मारलेली रेघ, ती कोणीतरी त्याच्यापेक्षा उंच पोराच्या पावलांवर मारलेली. पाऊल ताणलं की पाय पुढे पडतो, पुढे पडला की ब्रेक.

यात मेसेजवाल्याची एक गोष्ट मात्र मान्य, की न झेपणारा स्पीड कामाचा नाही. वीस पावलं जीव तोडून धावून शेवटी गळपटण्यापेक्षा बारा पावलं धावा आणि टेकऑफला अजून स्पीड वाढत असू दे, ते केव्हाही चांगलं. पण त्याचा अर्थ रनअप कमी करा असा होतो, शेवटी ब्रेक मारा असा नाही.

जवळ जाऊन टेकऑफ घ्यायचं, हे तर सरळ धोक्याचं आहे. टेकऑफचा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली पाहिजे, किंवा किंचित मागे. त्याच्या पुढे, बॉक्सकडे गेलात की तुम्ही उडी मारायच्या आधीच पोल फळीवर आदळतो आणि वरचा हात मागे खेचला जातो, कंबर धनुष्यासारखी ताणली जाते. ज्याला हा झटका बसलाय त्याला विचारा, दोन दिवस चपला घालायला वाकता येत नाही. आणि स्पीड कमी ठेवून सेफ राहतो हे पण उलटं आहे. पोल उभा होण्याइतका स्पीड नसेल तर तो मधेच थांबतो, आणि तुम्हाला मॅटवर टाकायच्या ऐवजी परत रनवेवर टाकतो. हे मी कॉलेजला असताना स्वतः करून बघितलंय, ऐन टेकऑफला घाबरून ढिला पडलो, पोल अर्ध्यावर थांबला, एक क्षण वर लटकलोय आणि खाली मॅट नाहीये हे दिसतंय, मग धप्प. पंधरा दिवस उशीवर बसून जेवलो, घरच्यांनी हसून हसून नको केलं.

पोल दाबून वाकवायचं. यार, पोल तुमच्या दंडांनी वाकत नाही, तुमच्या येण्याने वाकतो. धावत आलेलं वजन उडी मारून पोलवर गेलं की तो वाकतो, तीच धावेची एनर्जी त्यात थोडा वेळ साठते आणि परत मिळते, नवीन काही तयार होत नाही. वाकण्याचा खरा फायदा वेगळाच आहे, वाकला की पोल तेवढ्यापुरता आखूड होतो आणि आखूड काठी उभी करायला सोपी, त्यामुळे पोल जास्त वर पकडता येतो. खालच्या हाताने ढकलून वाकवला तर वाक दिसतो छान, फोटो पण मस्त येतो, पण शरीर मागेच अडकतं. आणि वाकणं म्हणजेच उंची असेल तर बांबूवाल्यांचं काय? कॉर्नेलियस वॉर्मरडॅम 1942 मध्ये बांबूच्या पोलवर 4.77 मीटर गेला, तो बांबू फायबरग्लाससारखा वाकतो थोडाच. तो जागतिक रेकॉर्ड 1957 पर्यंत टिकला.

हातांनी ओढण्याबद्दल मी आमच्या मल्लखांबवाल्यांना नाराज नाही करणार. दोरीवर तयार झालेलं शरीर टेकऑफनंतर फार कामाला येतं, उलटं होणं, पाय वर नेणं, हवेत आपण कुठे आहोत ते कळणं, हे बाकीच्यांना शिकायला वर्षं जातात. पण दोरी वर बांधलेली असते! पोलचं खालचं टोक टेकलेलं असतं आणि वरचं फिरत असतं, आधी तो उभा व्हायला पाहिजे. त्याआधी ओढायला लागलात तर फक्त स्वतःला पोलच्या जवळ ओढता आणि शरीराचा झोका मधेच मोडून टाकता. इसिनबायेवा जिम्नॅस्ट होती, बरोबर, पंधरा वर्षांची होईपर्यंत, मग उंची वाढली म्हणून तिकडून बाहेर पडली. पण तिची झुरिचची 5.06 मीटरची उडी, 2009 सालची, ही जिम्नॅस्टिक्स अधिक रनवे मिळून आहे. मेसेजवाल्याने अर्धीच बेरीज केली.

आणि ज्याच्या नावावर आज जागतिक रेकॉर्ड आहे त्याचं बघा. स्वीडनचा डुप्लांटिस 2025 मध्ये टोकियोला 6.30 मीटर गेला. त्याच्या आदल्या वर्षी झुरिचला त्याने 100 मीटरची रेस लावली, 400 मीटर हर्डल्सवाल्या वारहोमबरोबर, आणि 10.37 मध्ये जिंकला पण. ताकदीचा खेळ म्हणे.

राहिलं 'आपल्या पोरांत स्पीड नसतो'. याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे, देवास जिल्ह्यातला देव मीना, भोपाळला तयार झालेला. 2025 च्या फेब्रुवारीत नॅशनल गेम्समध्ये 5.32 चा नॅशनल रेकॉर्ड, एप्रिलमध्ये कोचीला 5.35, जुलैमध्ये जर्मनीत 5.40. इंदूरहून देवास तासाभराच्या अंतरावर, सकाळचे पोहे-जलेबी खाऊन निघालात तर पचायच्या आत पोचाल. स्पीड नसताना कोणी 5.40 जात नाही.

पुतण्याचा सुरुवातीचा मार्क आम्ही मोजून दीड फूट पुढे घेतला, रनअप बारा पावलांचा केला, आणि त्याला सांगितलं फक्त आवाज ऐक, शेवटी दाट आला पाहिजे. सहाव्या-सातव्या ट्रायला आला. पण आता दुसरीच पंचाईत, तो इतक्या जोरात आत जातोय की तोच जुना पोल त्याला मऊ पडायला लागलाय, बार यायच्या आधीच पुढे निघून जातो आणि मॅटच्या मागच्या कडेला जाऊन पडतो. पुढच्या नंबरचा, थोडा कडक पोल इंदुरात कोणाकडे पडून असेल तर कळवा, न्यायला टेम्पो आम्ही आणू.