स्टॅम्प पेपरवर सही घेतली म्हणून कंपनी सुटत नाही

कोकणातल्या लोटे, महाड, रोह्याच्या केमिकल कंपन्यांकडच्या ठेकेदारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. कामगाराकडून 'अपघात झाल्यास जबाबदारी माझी' असं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, वर्क ऑर्डरमध्ये 'सेफ्टी म्हणजे फॅक्टरी अ‍ॅक्ट 1948 आणि ती सगळी ठेकेदाराकडे' अशी ओळ टाका, कंपनी मोकळी. प्लीज असं काही करू नका, यात माणसं मरतात.

स्टॅम्प पेपरचं आधी. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दच, हे 1923 च्या भरपाई कायद्याच्या कलम 17 मध्ये होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. नोटरी करा नाहीतर पाचशेचा पेपर घ्या, काही फरक पडत नाही. आणि ज्याला उद्याची हजेरी हवीय तो सही करणारच, त्याला संमती कसली म्हणायची? 'त्याने बेल्ट लावला नव्हता' हे कारणही माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर भरपाई टाळायला चालत नाही.

ठेकेदारावर ढकलायचं म्हणाल तर कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचंच काम तिच्याच आवारात ठेक्यावर दिलं असेल आणि कामगाराला ईएसआय (सरकारी कामगार विमा) नसेल, तर भरपाई थेट कंपनीकडे मागता येते. कंपनीने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्या दोघांचा हिशोब, कामगाराच्या बायकोने त्यासाठी थांबायचं नाही.

आता वर्क ऑर्डरमधली ती 'सेफ्टी म्हणजे काय' ची व्याख्या, आणि खरी गडबड इथेच आहे. केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टर नाहीतर टाकी धुवायला माणूस मॅनहोलमधून उतरतो. आत ऑक्सिजन किती, गॅस आहे का हे मीटरने बघायचं, सक्षम माणसाचं लेखी सर्टिफिकेट घ्यायचं, नाहीतर श्वासाचं उपकरण आणि कमरेला दोर, दोराचं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात. सर्टिफिकेट नाहीतर उपकरण आणि दोर, हे फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 36 मध्येच होतं. आता तो अ‍ॅक्ट जाऊन सेफ्टीची 2020 ची संहिता आलीय. जुन्या कायद्याचा उल्लेख नव्याला लागू धरायची सोय 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 8 मध्ये आहे, पण अपघातानंतर त्यावर वकील लावून वाद घालत बसण्यापेक्षा आधीच नीट लिहा ना! 'केंद्र व राज्याचे सेफ्टीचे सर्व कायदे, नियम, त्यात होणारे बदल आणि त्यांच्या जागी येणारे कायदे' एवढं पुरतं. आणि त्याखाली कामानुसार लिहा: गॅस मीटर कोण आणणार, आत उतरायच्या परमिटवर सही कोणाची, बाहेर दोर धरून कोण उभा राहणार, त्याला मध्येच ड्रम उचलायला पाठवायचं नाही. आतला बेशुद्ध पडला तर वाचवायला दुसऱ्याने तसंच उतरायचं नाही, हेही मराठीत आणि हिंदीत लिहा, कारण टाकीत उतरणारे बरेचजण उत्तरेकडचे असतात आणि इंग्रजी वर्क ऑर्डर त्यांना कोणी वाचून दाखवत नाही.