आईच्या साड्यांच्या गोधडीला दिलेल्या एक स्टारबद्दल

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी शिवणाऱ्या सगळ्याजणींना वाचून दाखवला. तुमच्या आईच्या सुती साड्या तुम्ही स्वतः आणून दिल्या होत्या, मधोमध ती हिरवी काठाची घ्या म्हणालेलात, ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. तुम्ही लिहिलंय की दीड वर्षात एका बाजूचा रंग उडाला, भिंतीवर दोन खिळ्यांना लावलेली तिथले वरचे दोन्ही कोपरे फाटले, पावसाळ्यात चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत डांबर गोळ्या घालून बेडच्या स्टोरेजमध्ये ठेवली तर पिवळे डाग पडले, कुबट वास येतोय, आणि आम्ही कच्चं काम करून दिलं. राग येणारच ताई, त्या साड्या परत कुठून आणायच्या.

शिलाईबद्दल तेवढं सांगते. तुमच्या फोटोत धावटाका जागच्या जागी आहे, कापड फाटलंय ते खिळ्याच्या शेजारी. पाच-सहा थरांची गोधडी जड असते, तिचं सगळं वजन दोन खिळ्यांवर आलं आणि साड्या आधीच वर्षानुवर्षं नेसलेल्या, धुतलेल्या, विरलेल्या. पण तुम्ही ऑर्डर देतानाच म्हणाला होतात की हॉलमध्ये भिंतीवर लावणार आहे, तेव्हा मागून नेफा (पाईप घालायची पट्टी) शिवून द्यायला पाहिजे होता आणि कशी लावायची, कशी ठेवायची ते सांगायला पाहिजे होतं. दोन्ही केलं नाही, ही चूक आमची आहे, मनापासून माफी मागते.

खरं तर आमच्याकडं गोधडी अशी जपून ठेवायची पद्धतच नव्हती. आज्जी रोज पांघरायची, सकाळी वळकटी करून ठेवायची, फाटली की वरून अजून एक लुगडं घालून परत टाके घालायची. त्यामुळं भिंतीवर लावायच्या गोधडीची काळजी आम्हालाही नंतर शिकावी लागली. कापडं सांभाळायचं काम करणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की म्युझियममध्ये जुन्या कापडावर साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड पडू देत नाहीत, आपल्या हॉलमध्ये खिडकीजवळ दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो. काचेतून आलेलं ऊनसुद्धा रंग खातं. तुमची भिंत पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे म्हणून एकच बाजू उडाली. गेलेला रंग मी परत आणू शकत नाही, खोटं आश्वासन देणार नाही. आता जागा बदला, आतली भिंत बघा, बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते. तीन-चार महिने लावा आणि मग काढून ठेवा.

नेफा म्हणजे परकराला नाडीसाठी असतो तसाच, पाठीमागं वरच्या कडेला पूर्ण रुंदीभर मांजरपाटाची (जाड्याभरड्या सुती कापडाची) चार इंची पट्टी, हातानं, टाके नुसत्या अस्तरात नाही तर आतल्या थरांतही घेतलेले. त्यातून पडद्याचा अॅल्युमिनियमचा पाईप घालायचा म्हणजे वजन सगळीकडं सारखं बसतं. खिळे नकोत, क्लिपा पण नकोत.

आता ठेवण्याचं. डाग नक्की कशाचे ते बघितल्यावर कळेल, पण प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत ओल कोंडते, हवेत 65 टक्क्यांच्या वर दमटपणा राहिला की बुरशी धरायला लागते आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये तो त्याच्या वरच असतो, त्यात खाली प्लायवूड, ज्याच्यातून निघणाऱ्या आम्लानं सुती कापड पिवळं पडतं, आणि आत डांबर गोळ्या. गोळ्या काढून टाका ताई. कसरीची भीती असेल तर वेखंडाचे तुकडे वेगळ्या पुरचुंडीत बांधून कडेला ठेवा, कापडाला टेकू देऊ नका, आणि गोधडीला खळ अजिबात नको, कसर खळीवरच येते.

घडी घातली की त्याच त्याच रेषेवर धागे तुटतात म्हणून आज्जीची वळकटीच बरी. कापडाच्या दुकानात ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागितली तर देतात, तिला धुतलेलं मांजरपाट गुंडाळा (कोरं नको, त्याला खळ असते), वरून गोधडी, चांगली बाजू बाहेर, आणि सगळ्यावर जुनी मऊ सुती चादर. बेडमध्ये नको, कपाटात वरच्या कप्प्यात आडवी ठेवा. पाऊस उघडला की एखाद्या कोरड्या दिवशी सावलीत पसरून वारा द्या.

तुमच्या साड्यांचे उरलेले तुकडे आमच्याकडं पिशवीत अजून आहेत, आम्ही ते टाकत नाही. त्यातल्याच हिरव्या काठाचं ठिगळ लावून दोन्ही कोपरे दुरुस्त करून देऊ, नेफाही शिवून देऊ, याचे पैसे घेणार नाही. फक्त आणायच्या आधी घरी धुऊ नका, ओली गोधडी इतकी जड होते की उचलतानाच टाके तुटतात, आणि डागांवर ब्लीच तर मुळीच नको. सोमवार सोडून कधीही या, येताना घडी न घालता गुंडाळून आणा.