‘त्यापेक्षा गणित शिकवा’ म्हणणाऱ्या आजोबांना

नमस्कार आजोबा,

प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘एक आजोबा, दादर’ एवढंच लिहिलंत, म्हणून आजोबाच म्हणते. नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासांना मी बेघरांबद्दल जे शिकवलं, त्यावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फूटपाथवरचे लोक आळशी आणि व्यसनी असतात, भीक हा त्यांचा धंदा असतो, गावी घर असून ते इथे येऊन पडतात. शाळेने मुलांच्या मनात त्यांच्याबद्दल कळवळा आणि स्वतःबद्दल अपराधीपणा भरू नये, त्यापेक्षा गणित शिकवावं. शिवाय, गरिबांना राणीच्या बागेतल्या प्राण्यांसारखं दाखवत मुलांना फिरवलं का, असंही विचारलंत.

शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तोच घेते. मुलांना मी कुठल्याही फूटपाथवर नेलं नाही. कुणाच्या चुलीसमोर अख्खा वर्ग वह्या उघडून उभा करायचा, ही कल्पनाच मला सहन होत नाही. भायखळ्याच्या फूटपाथवर लहानाच्या मोठ्या झालेल्या एक ताई वर्गात आल्या होत्या. त्यांना जेवढं सांगावंसं वाटलं तेवढं त्यांनी सांगितलं. एका प्रश्नावर ‘हे नाही सांगणार’ म्हणाल्या आणि मुलांनी ते मुकाट मान्य केलं.

आता आळसाबद्दल. पहिल्या तासाला मुलांनी चिठ्ठ्यांवर लिहिलेले शब्द तुमच्या शब्दांपेक्षा फार वेगळे नव्हते: आळशी, दारुडे, चोर, घाणेरडे. मी एवढंच विचारलं, ‘हे तुला कसं कळलं?’ बहुतेकांचं उत्तर होतं, ‘बसमधून दिसतं की.’ कधी दिसतं? शाळा सुटल्यावर, दुपारी. मग आम्ही दुपारचा फूटपाथ डोळ्यांसमोर आणला. मजुरीला गेलेला माणूस त्या वेळी तिथे नसतोच. असतात ती म्हातारी माणसं, आजारी माणसं, रात्रभर हमाली करून आडवे झालेले लोक, आणि हो, नशेत पडलेलेही. सकाळी नाक्यावर थापी किंवा ब्रश घेऊन कामाची वाट पाहणाऱ्याला आपण नाका कामगार म्हणतो. तोच रात्री दुकानाच्या फळीखाली झोपला की आपल्याला बेघर दिसतो. तो एकच माणूस आहे हे आपल्याला कळत नाही, कारण त्याच माणसाला दोन्ही वेळा आपण पाहत नाही. जनगणनेत बेघरांची मोजणी रात्री करतात ती याचसाठी. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली.

त्या रात्रीचे आकडे घेऊन आम्ही गणितच केलं, आजोबा. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर, महाराष्ट्रात २ लाखांच्या वर, मुंबईत साधारण ५७ हजार. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता की शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय हवी. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे १२ हजार ४०० जागा. निकष तंतोतंत पाळला तरी पाचांतल्या जेमतेम एकाला छप्पर मिळतं, आणि प्रत्यक्षात मुंबई त्या निकषाच्या आसपासही नाही. फळ्यावर भागाकार करणाऱ्या मुलीने खडू तसाच हातात धरून विचारलं, ‘मग बाकीच्यांनी झोपायचं कुठे?’ हा प्रश्न मी तिच्या तोंडी घातलेला नाही.

‘गावी परत जावं’ या मुद्द्यावर आम्ही एक खटला वाचला, ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसात, फूटपाथवरच्या झोपड्या पाडून लोकांना त्यांच्या मूळ गावी पाठवून द्यायचं ठरलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जदारांमध्ये तमिळनाडूतल्या सेलमचा एक भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने काम गेलं म्हणून तो १९६१ साली मुंबईत आला. दहिसरच्या रसायनांच्या कंपनीत रोज २३ रुपयांवर कामाला होता. प्लॅस्टिक आणि ताडपत्रीच्या त्या आडोशासाठीसुद्धा एका झोपडपट्टीदादाने त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले होते. कारवाईत त्याला बसमध्ये बसवून सेलमला धाडलं. तिथे काम नव्हतंच, तो परत आला आणि पुन्हा फूटपाथवर राहू लागला. यात आळस कुठे आहे, हे मुलांनी बराच वेळ शोधलं. फुकट राहणं तरी कुठे आहे? १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. फूटपाथवर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही, महापालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकारही कायम ठेवला. मुलांना मी निकालाच्या या दोन्ही बाजू वाचायला दिल्या. वर्गात त्यावर कडाक्याचं भांडण झालं, आणि काही मुलं आजही महापालिकेच्या बाजूची आहेत. असू देत. त्यांनी निकाल वाचून बाजू घेतली आहे.

व्यसन नाही असं मी लेखात लिहिलं नव्हतं आणि आताही म्हणणार नाही. फूटपाथवर दारू आहे, नशेसाठी सोल्यूशन हुंगणारी पोरं आहेत. वर्गात आलेल्या ताईंनी तर ते आधी सांगितलं, कारण त्याची सगळ्यात जास्त झळ बायकांना बसते. पण दारू इमारतींतही आहे. तिथे दार लावून घेता येतं, म्हणून अख्ख्या सोसायटीला कुणी दारुडी म्हणत नाही.

भिकेचा मुद्दा मला जास्त टोचतो, कारण कायदाच तुमच्या बाजूने बोलतो. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यातली भिकेची व्याख्या अशी की उपजीविकेचं उघड साधन नसताना, भिकेवर जगत असावा असं वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणारा किंवा थांबून राहणारा माणूसही तिच्यात बसतो. त्याने हात पसरलेला असायलाच हवा असं नाही. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरत्या यातल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, महाराष्ट्रात हा कायदा अजून आहे. भिकाऱ्याकडे लाखो रुपये सापडल्याच्या बातम्या मीही वाचते. रोज घडणाऱ्या गोष्टीची बातमी होत नाही, हे मुलांना सांगावं लागतं.

तुम्ही दादरचे, म्हणून एक विचारते. टाटा हॉस्पिटलच्या आसपास, परळच्या फूटपाथवर, फायली उशाशी घेऊन झोपलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. कुणी विदर्भातून आलेलं, कुणी बिहारमधून. घर आहे, शेत आहे, पण केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये गावी जाऊन येणं परवडत नाही. तुमच्याच दादरला कॅन्सरच्या रुग्णांसाठी गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाबांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ हे वाक्य आहे, ती कितीतरी शाळांच्या भिंतींवर रंगवलेली असते. भिंतीवर जे चालतं ते तासाला का चालू नये?

अपराधीपणाचं म्हणाल, तर तो मुलांना दिल्याने कुणाचंच भलं होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून आम्ही कामाचं काहीतरी शिकलो. घराचा पत्ता नसलेल्या माणसालाही मतदार यादीत नाव नोंदवता येतं. तो झोपतो ती जागा अर्जात लिहायची, मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मुलांना हे इतकं महत्त्वाचं वाटलं की त्यांनी सोप्या मराठीत आणि हिंदीत त्याचं एक पत्रक केलं, आणि ताई ते वाटायला घेऊन गेल्या. महापालिकेच्या विभाग कार्यालयालाही मुलांनी पत्र लिहिलं आहे: आपल्या वॉर्डात रात्र निवारे किती, कुठे, आणि बाईमाणसासाठी त्यातला कोणता? उत्तर आलं की इथेच टाकेन. तुमची त्यावरची प्रतिक्रिया मला हवी आहे, आणि ती आत्ताच्याइतकीच रोखठोक असू द्या.