‘सशापासून हत्तीपर्यंत एकच रायफल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘शिकारीला एकच रायफल पुरे’ असा एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मुद्द्यांना आकडे घातलेले, शेवटी ‘प्रत्येक नव्या शिकाऱ्यापर्यंत पोचवा’ अशी विनंती. माझ्याकडे तो याआधीही आला होता, मी पुसून टाकला. या वेळी तो भाच्यानं पाठवला. तो परदेशात असतो, तिथं रीतसर शिकारीचा परवाना काढतोय. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘मामा, हे खरं असेल तर एकच घेऊन मोकळा होतो.’ म्हणून हे उत्तर.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. थर्टी-ओ-सिक्स, म्हणजे .३०-०६ काडतुसाची एक रायफल घ्या, सशापासून हत्तीपर्यंत सगळं तिनं होतं. तिची ताकद ३,९०० ज्यूल आहे, त्यामुळे गोळी कुठंही लागू दे, जनावर जागेवर उलथतं. लहान सावजाला हलकी गोळी भरायची, बस. नेम चांगला असेल तर उडता पक्षीही पडतो. ही लष्कराची रायफल होती, यातच सगळं आलं. करामोजो बेल या जुन्या शिकाऱ्यानं तर याहून लहान गोळीनं हजार हत्ती मारले. आणि तरी शंका असेल, तर आणखी मोठी घ्या.

मी क्रमानं जात नाही. सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो.

‘गोळी कुठंही लागू दे, जनावर जागेवर उलथतं’

हे लिहिणाऱ्यानं घायाळ जनावराचा माग कधी काढला असेल असं मला वाटत नाही. काढला असता तर ‘कुठंही’ हा शब्द लिहिताना हात थांबला असता.

आधी ‘उलथतं’ बघू. शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. थर्टी-ओ-सिक्सची नेहमीची १८० ग्रेनची गोळी वजनाला साधारण ११.७ ग्रॅम भरते. नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास असतो. वस्तुमानाला वेगानं गुणलं की संवेग येतो सुमारे ९.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ही गोळी ३०० किलोच्या एल्कच्या, म्हणजे एका मोठ्या हरणाच्या, अंगात शिरून तिथंच थांबली, तर तेवढ्या धक्क्यानं ते जनावर सेकंदाला जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर वेगानं सरकेल. माणूस साधं चालतो त्याच्या चाळिसाव्या भागाहूनही हे कमी आहे. बरं, तेवढाच धक्का बार काढणाऱ्याच्या खांद्यालाही बसलेला असतो, नळीतून सुटणाऱ्या वायूंमुळे थोडा जास्तच. ज्या धक्क्यानं सत्तर किलोचा माणूस मागे पडत नाही, त्यानं तीनशे किलोचं जनावर उलथेल कसं?

काही जनावरं जागेवर पडतात हे खरं आहे. ती पडतात ती गोळी मेंदूला किंवा कण्याला लागते म्हणून. त्यात ढकलण्याचा काही संबंध नाही, मज्जासंस्था बंद पडते. हृदयातून आरपार गोळी गेलेलं हरीणसुद्धा पुष्कळदा पन्नास-शंभर मीटर धावतं, कारण मेंदूला मिळालेला ऑक्सिजन आणखी दहा-पंधरा सेकंद पुरतो. तेवढ्या वेळात ते झाडीत दिसेनासं होतं.

३,९०० ज्यूल हा आकडा चूक नाही. पण ही ऊर्जा गोळीच्या वाटेत जे येईल ते फाडण्यात खर्च होते. वाट फुप्फुसांतून गेली तर मरण लवकर येतं. वाट पोटातून गेली तर तेच ज्यूल आतड्यांत खर्च होतात आणि जनावर तासन् तास जिवंत राहतं.

आता ‘कुठंही’ म्हणजे नेमकं कुठं ते बघा. बार झाल्यावर जनावर उभं होतं त्या जागी जाऊन वाकून बघायचं असतं. रक्त फिकट लाल, फेसाळ, त्यात बुडबुडे असतील तर गोळी फुप्फुसातून गेलीय. अर्धा तास थांबून माग घ्या, जनावर बहुधा जवळच सापडतं. रक्त गडद, काळपट लाल असेल तर यकृत. तिथं कितीतरी जास्त थांबावं लागतं. आणि गवताच्या पात्यावर रक्तापेक्षा हिरवट-तपकिरी चिकट पाणीच जास्त असेल, त्याला चघळलेल्या चाऱ्याचा वास येत असेल, तर पोट. मग कित्येक तास हलायचं नाही. लगेच मागे लागलात तर ते जनावर उठून आणखी लांब जातं आणि रक्ताचा मागही तुटतो. पायाचं हाड मोडलेलं हरीण तीन पायांवर कोस-दोन कोस जाऊ शकतं. सगळ्यात वाईट जबडा. डोक्यावर नेम धरून चार बोटं चुकलेली गोळी जबडा उडवते, जनावर पळून जातं, त्याला चरता येत नाही, पाणी पिता येत नाही, आणि ते दिवसांमागून दिवस उपाशी राहून मरतं. ही ‘कुठंही’ लागलेली गोळी. थर्टी-ओ-सिक्स तिथं काही करू शकत नाही, आणि तिच्या दुप्पट ताकदीची रायफलही करू शकत नाही.

जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या जरा वर. नव्या माणसाला शिकवायची ती ही जागा. तो कोन मिळत नसेल तर चापावरून बोट काढायचं. मेसेज नेमकं याच्या उलट शिकवतो, म्हणून माझा राग आहे.

‘लहान सावजाला हलकी गोळी भरायची, बस’

थर्टी-ओ-सिक्समध्ये ११० पासून २२० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात, हे बरोबर. पण ‘बस’ नाही. १८० ग्रेनवर दुर्बीण जुळवलेल्या रायफलीत ११० ग्रेनचं काडतूस भरलं, की शंभर मीटरवर गोळी त्याच ठिकाणी लागत नाही. कधी चार बोटं वर, कधी बाजूलाही. प्रत्येक रायफलीची नळी वेगळी वागते, त्यामुळे आधी सांगता येत नाही. म्हणजे सावज बदललं की कागदाच्या निशाण्यावर जाऊन नेम पुन्हा जुळवायचा, आणि परत आल्यावर पुन्हा. ज्याला एवढं करायचंय त्यानं खुशाल करावं. पण मग ‘एकच रायफल, कटकट नाही’ म्हणू नये.

वजनापेक्षा महत्त्वाची असते गोळीची बांधणी. मेसेजमध्ये तिचा उल्लेखसुद्धा नाही. पातळ आवरणाची, लगेच फुटणारी हलकी गोळी कोल्ह्याएवढ्या जनावराला ठीक. तीच रानडुकराच्या खांद्याच्या हाडावर बसली तर वरच फुटून मोठी जखम करते, आतपर्यंत जातच नाही. उलट जाड आवरणाची किंवा सबंध तांब्याची गोळी लहान हरणातून फारशी न उमलता, म्हणजे आत पसरून रुंद न होता, पार निघू शकते.

आणि ससा? दोन-तीन किलोचं जनावर. .२२ लाँग रायफलची अडीच ग्रॅमची गोळी जेमतेम १७० ज्यूल घेऊन निघते आणि सशाला ती पुरते. तिथं ३,९०० ज्यूल वापरले तर हाती खाण्यासारखं काही राहत नाही. खायचं नसेल तर मारायचं कशाला, हा प्रश्न मी इथं विचारणारच.

कायद्याला विचारा

कुणाचं मत नको असेल तर जर्मनीच्या शिकार कायद्याचं कलम १९ बघा. मत म्हणून नाही, बंधन म्हणून लिहिलंय. रो जातीच्या छोट्या हरणासाठी शंभर मीटरवर गोळीत किमान १,००० ज्यूल हवेत. बाकीच्या खुरवाल्या मोठ्या शिकारीसाठी, म्हणजे लाल हरीण, रानडुक्कर वगैरेंसाठी, गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि शंभर मीटरवर किमान २,००० ज्यूल. खुरवाल्या जनावरावर छर्रे झाडायला त्याच कलमात बंदी आहे. जनावर बदललं की हत्यार बदलतं, हे तिथं कायद्यातच आहे. आकडे नळीच्या तोंडाशी मोजलेले नाहीत, शंभर मीटरवरचे आहेत, हेही लक्षात घ्या. मेसेजमधले ३,९०० ज्यूल नळीच्या तोंडाशी असतात. पुढे गोळीचा वेग पडत जातो, तशी ऊर्जाही पडत जाते.

याच कलमातून मेसेजला अनुकूल असा एक अर्धा मुद्दा निघतो, तो नाइलाजानं मान्य करतो. छोट्या हरणापासून एल्क-मूससारख्या मोठ्या हरणांपर्यंतच्या खुरवाल्या जनावरांना मधल्या ताकदीची एक रायफल खरोखर पुरते. थर्टी-ओ-सिक्स पुरते, .३०८ काडतुसाची पुरते. स्वीडन-नॉर्वेत १८९४ सालच्या ६.५×५५ काडतुसानं पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले गेलेत. मेसेज इथंच थांबला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण त्याला वर हत्ती हवा होता आणि खाली ससा.

‘बेलनं हजार हत्ती मारले’

मारले, हजाराहून जास्त. बरेचसे ७×५७ माउझर या लहान काडतुसानं, हेही खरं. पण तो बेल होता. त्यानं हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदू नेमका कुठं असतो ते शोधलं होतं. हत्तीच्या कवटीत पोळ्यासारखं पोकळ्यांचं हाड असतं, मेंदू त्याच्या बराच आत आणि मागे. त्या एका जागेपर्यंत न उमलता सरळ जाणारी लांब, भरीव गोळी तो वापरायचा. हत्तीच्या शिकारीवरच त्याचं पोट होतं. ज्यानं आजवर जिवंत जनावरावर एकही बार काढलेला नाही त्याला बेलचं उदाहरण देणं म्हणजे त्याला हत्तीच्या पायाखाली पाठवणं. आज आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत हत्ती, रेडा अशा धोकादायक जनावरांसाठी .३७५ इंच व्यासाची गोळी हीच किमान मर्यादा आहे, थर्टी-ओ-सिक्स तिथं चालतच नाही.

जिम कॉर्बेटचं नावही अशा चर्चेत येतं. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली त्यानं .२७५ रिग्बीनं मारला, म्हणजे त्याच ७×५७ काडतुसानं. पण वाघासाठी त्याच्याकडे .४५०/४०० ची दुनळीही होती. अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेला तेव्हा थर्टी-ओ-सिक्स त्याच्याकडे होतीच. सोबत .४०५ विंचेस्टर होती आणि हॉलंड अँड हॉलंडची जड दुनळीही होती. एकीवर भागत असतं तर त्यानं तीन नेल्या नसत्या.

‘उडता पक्षीही पडतो’

इथं माणसं मरतात, म्हणून स्पष्ट लिहितो. आकाशाकडे रायफलीचा बार कधीच काढायचा नाही. थर्टी-ओ-सिक्सची गोळी चार-पाच किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. साधी .२२ सुद्धा दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. रायफलीच्या बाराला मागे माती हवी, टेकडी हवी, गोळी अडेल असं काहीतरी हवं. आकाशात ते नसतं. उडत्या पक्ष्यासाठी छर्‍यांची बंदूक असते. तिचे बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरांत जमिनीवर येतात.

‘लष्कराची रायफल होती’

होती, अमेरिकेच्या लष्कराची, १९०६ पासून. पण लष्कराची गोळी पूर्ण आवरणाची असते, कारण १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला मनाई केली. या गोळ्या ज्या नावानं ओळखल्या जातात ते दमदम कोलकात्याजवळचं. शिकारीला नेमकी तीच उमलणारी गोळी लागते. काडतुसाचं नाव एकच असलं तरी आतला माल वेगळा. स्वस्त मिळते म्हणून लष्करी गोळी हरणावर वापरली तर ती बारीक भोक पाडून पार जाते आणि जनावर दूरवर जाऊन मरतं.

‘शंका असेल तर आणखी मोठी घ्या’

.३७५ हॉलंड अँड हॉलंड, १९१२ सालचं काडतूस, ३०० ग्रेनची गोळी, ५,७०० ज्यूलच्या वर. सगळ्या जनावरांना एकच रायफल म्हणायचीच असेल तर जाणकार हिचं नाव घेतात, हे मेसेजवाल्याला ठाऊकही नसावं. पण तिचा धक्का थर्टी-ओ-सिक्सच्या जवळजवळ दुप्पट. नव्या माणसाचं शरीर तो धक्का दोन-चार बारांत शिकतं आणि पुढच्या बाराला चाप ओढायच्या आधीच आक्रसतं. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, गोळी छातीऐवजी पोटात जाते. त्याचं पुढे काय होतं ते वर लिहिलंय.

हे तपासायची सोपी रीत आहे. नेमबाजीच्या मैदानावर सोबत्याला काडतुसं भरायला सांगा, आणि त्यात मधेच, तुम्हाला न कळेल असं, एक खोटं काडतूस घालायला सांगा. चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ वाजतं तेव्हा नळीच्या टोकाकडे बघा. ते खाली झुकलं तर तुम्ही धक्क्याला घाबरताय. अशा वेळी .२२ घेऊन काही महिने कागदावर बार काढायचे, मग थर्टी-ओ-सिक्सकडे यायचं, आणि तिथंही टोक स्थिर राहीपर्यंत जिवंत जनावरावर बार काढायचा नाही.